जुना लॅपटॉप काढून टाकू का?

प्रश्न: दादा, माझा २०१६ चा हार्ड डिस्कवाला लॅपटॉप फार हळू चालतो अन् विंडोज ११ पण घेत नाही. नवाच घेऊ का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: भाऊ, घाई नका करू. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) अन् इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तो २०१६ च्या मशीनमध्ये नसतोच, अन् मला हा नियम अजिबात पटत नाही कारण त्यापायी चांगल्या मशीन भंगारात जातात. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बँकेची कामं त्याच्यावर तशीच करत राहू नका. आधी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (त्याच जागी बसणारी, खूप वेगवान डिस्क) टाका, सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, अन् विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा, फुकट आहे, मराठी टायपिंग होते, ब्राउजर अन् लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर) मस्त चालते. फक्त टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही लागत असेल तर मात्र नवा घ्या.

अन् मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्याआधी लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलून घ्या, गादीवर ठेवून तर वापरूच नका.