विंडी या हवामानाच्या ॲपवरचे नकाशे पाहून वळवाचा पाऊस कुठे होणार, हे आदल्या दिवशी ओळखता येतं का?

पट्टा ओळखता येतो, गाव नाही. ॲप रोज संध्याकाळी पाऊस दाखवतं आणि तो पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही पावसाचाच नकाशा बघत असणार, आणि वळवाच्या बाबतीत सगळ्यात कमी भरवशाचा नकाशा तोच.

तासगाव भागात माझं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं रॅकवर टाकली की सुकायला बारा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात एक जोराची सर आत शिरली तर माल काळा पडतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मी हे नकाशे दिवसातून चारदा तरी उघडतो.

वळवाचा एक ढग जेमतेम पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. अंदाज काढणारं युरोपीय मॉडेल साधारण 9 किलोमीटरच्या चौकोनांत हिशेब करतं, जीएफएस हे अमेरिकी मॉडेल त्याहून मोठ्या. एवढ्या जाळीत तो ढग नीट सापडणार कसा? निळा ठिपका तुमच्या तालुक्यावर पडला काय नि शेजारच्या, फरक धरू नका.

त्याऐवजी आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या दुपारी तीनचा दवबिंदू उघडा. हवा किती तापमानापर्यंत थंड झाली की वाफेचं पाणी होतं, तो हा आकडा; तो जितका जास्त, तितकी हवा दमट. आमच्याकडे एप्रिलच्या कोरड्या दिवशी तो 10 अंशांच्या आसपास असतो. 18 च्या वर चालला की मी पडदे तयार ठेवायला सांगतो. एका बाजूला 19 आणि पन्नास-साठ किलोमीटरवर 9 असा एकदम उतार दिसला, तर ती सीमा लक्षात ठेवा.

मग 850 हेक्टोपास्कलचे वारे, म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो त्या उंचीवरचे. ही पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर असते. 925 ची पातळी आपल्या पठारावर जवळजवळ जमिनीला टेकते, तिच्या नादाला लागू नका. वायव्येकडून येणारा कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागराकडून आग्नेयेने येणारा दमट वारा जिथे भिडतात, तिथे हवेला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये विदर्भापासून कर्नाटकमार्गे तमिळनाडूपर्यंत जी कमी दाबाची ‘द्रोणीय रेषा’ असते, ती बहुतेक वेळा याच भेटीची असते. दवबिंदूची सीमा आणि ही रेषा एकाच जागी आली, तर उद्याचा पट्टा तिथेच.

केप म्हणजे ढगाला वर उसळायला हवेच्या दर किलोत किती जूल ऊर्जा आहे, त्याचा नकाशा. त्याच्या लाल रंगाने मात्र फसू नका. एप्रिल-मेमध्ये तो सगळ्यात गडद दिसतो कोकण किनाऱ्यावर, अनेकदा 2000 जूलच्या वर, आणि तिथे आभाळ कोरडं! समुद्रावरून आलेल्या दमट हवेवर उष्ण, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. ते फुटल्याशिवाय खालची वाफ वर जात नाही. उलट पठारावर 1000-1500 जूल असले आणि वारे भिडत असले, तरी जोरदार वळीव होतो.

दुपारी बारानंतर अंदाज बाजूला ठेवा नि इन्सॅट उपग्रहाची छायाचित्रं, रडार बघा. चित्रात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ठिपके रांगेने उगवताना दिसतात. ते सरकणार कुठे, हे आणखी वरच्या, 700 ते 500 हेक्टोपास्कलच्या वाऱ्यांवरून कळतं. पण ते पुरेसं नाही. मागच्या हंगामात एका दुपारी ढग जतच्या बाजूला होता आणि वाऱ्यांप्रमाणे तो आमच्याकडे यायला नको होता. रडारवर तो विझतही चालला होता. साडेचारला अचानक गार वारा सुटला, मातीचा वास आला, रॅकच्या जाळ्या फडफडायला लागल्या. कोसळणाऱ्या ढगातून खाली आलेली थंड हवा जमिनीवरून पसरत आमच्यापर्यंत पोचली होती. तिने पुढची गरम, दमट हवा उचलली आणि अर्ध्या तासात डोक्यावर नवा ढग उभा! तेव्हापासून विझणाऱ्या ढगाच्या पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरवर मी जास्त लक्ष ठेवतो.

एक कळकळीचं सांगणं. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या. शेडचा सांगाडा लोखंडी असतो आणि माणसं ताडपत्री बांधायला नेमकी त्याच वेळी वर चढलेली असतात. गडगडाट कानावर आला की गाठ अर्धी राहिली तरी चालेल, आधी सगळ्यांना खाली उतरवून पक्क्या घरात न्या.