आत किती, बाहेर किती? आधी चेंडू आत जाऊ द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बास्केटबॉलच्या संघात एक दणकट सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आहे, दोघांचा बाहेरून नेम चांगला आहे, उरलेल्या दोघांना थ्री (तीन गुणांच्या रेषेबाहेरची फेक) जमत नाही. अर्धा संघ म्हणतो चेंडू पोस्टला (रिंगजवळ पाठ करून उभ्या सेंटरला) द्या, अर्धा म्हणतो हल्ली सगळे थ्रीवरच जिंकतात. मग प्रमाण किती ठेवायचं?

प्रमाण ठरवायच्या भानगडीत पडूच नका. थ्री घेण्याआधी चेंडू पेंटमध्ये (रिंगसमोरच्या चौकोनात) जाऊन आला होता का, एवढंच पाहा. पोस्टला पास देऊन असो किंवा ड्राइव्ह करून (ड्रिबल करत रिंगकडे घुसून), चेंडू आत गेला की पाचही डिफेंडर आत वळतात. तिथून बाहेर आलेला पास शूटरला तोंड रिंगकडे असताना मिळतो आणि त्याचा माणूस उलटा धावत येत असतो. बाहेरच्या बाहेर तीन पास फिरवून मारलेला थ्री कागदावर तसाच दिसतो, पण त्यात डिफेन्स जागचा हललेलाच नसतो.

आता हिशेब. ३५ टक्के थ्री म्हणजे प्रत्येक फेकीमागे १.०५ गुण. तेवढेच गुण दोनाच्या फेकीतून हवे असतील तर नेम ५२.५ टक्के लागतो. सरासरी सारखी, पण चढउतार सारखा नाही. ३० थ्री मारले तर अपेक्षित ३१.५ गुणांपासून सात-आठ गुण इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं; दोनाच्या ३० फेकींत तोच फरक साधारण साडेपाचचा. एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) २०१८ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग २७ थ्री चुकले, ४४ पैकी ७ पडले आणि सामना ९२-१०१ असा गेला. त्या मोसमात ६५ सामने जिंकलेला संघ होता तो. (उलट बाजूही आहे. समोरचा संघ तुमच्यापेक्षा फारच भारी असेल तर हा चढउतार तुमच्या फायद्याचा. तेव्हा बिनधास्त मारा.)

सेंटरभोवती शूटर उभे करायचं म्हटलं की सगळे सेंटर हकीम ओलाजुवानच्या रॉकेट्सचं उदाहरण देतात, १९९४ आणि १९९५ चे विजेते. उदाहरण चोख आहे, पण जसंच्या तसं उचलू नका. त्या काळी एनबीएत झोनला (माणूस न धरता जागा राखणाऱ्या बचावाला) बंदी होती, त्यामुळे त्याच्यावर दुसरा माणूस पाठवायचा तर उघडपणे पाठवावा लागे आणि कोण मोकळा सुटला ते लगेच दिसे. १९९५ च्या विजेतेपदाच्या मोसमात तर थ्रीची रेषही जवळ आणलेली होती. तुम्ही फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळत असाल तर झोन चालतो आणि बचाव करणाऱ्याला पेंटमध्ये तीन सेकंदांची अट नाही. म्हणजे तुमच्या न मारणाऱ्या खेळाडूचा डिफेंडर खुशाल सेंटरच्या मांडीवर येऊन बसेल.

म्हणून कोण कुठे उभा राहतो, यावर सगळं आहे. पोस्टला पास देणारा तुमचा शूटरच असू द्या. चेंडू आत गेल्यावर खाली हात घालायला बहुतेक वेळा पास देणाऱ्याचाच माणूस येतो. तो वळला की शूटरने एक-दोन पावलं कोपऱ्याकडे सरकायचं. फिबात तिथली रेष ६.६० मीटरवर, म्हणजे वरच्या ६.७५ पेक्षा किंचित जवळ आहे. दुसरा शूटर विरुद्ध बाजूला, थ्रीच्या रेषेबाहेर. ज्यांना थ्री जमत नाही त्यांतला एक विरुद्ध बाजूला बेसलाइनजवळ, रिंगपासून एका ढांगेवर. दुसरा वर, मधोमध. त्याच्या माणसाने मान सेंटरकडे वळवली रे वळवली की त्याने थेट रिंगकडे कट मारायचा. उभा राहिला तर संपलं.

आणि बाहेर येणारा पास. यावर कोणी सराव करत नाही, सगळे फक्त शूटिंगचा करतात. डबल टीम (एकावर दोघे) आल्यावर सेंटर घाईत चेंडू ढकलतो, तो शूटरच्या गुडघ्यापाशी येतो. शूटर वाकतो, चेंडू वर आणतो, पाय जुळवतो. तेवढ्यात डिफेंडर हात वर करून हजर. तोच पास छातीपाशी आला तर झेल आणि फेक एकच हालचाल होते. सेंटरला शिकवा: चेंडू हनुवटीखाली दोन्ही हातांत घट्ट, ड्रिबल नाही, आधी लांबच्या कोपऱ्यात नजर, मग पास. सरावात त्याच्यावर मुद्दाम दोघं सोडा.

पुढच्या सामन्यात बाकावरच्या एकाला वही द्या. प्रत्येक थ्रीपुढे दोनच खुणा: चेंडू आत जाऊन आला, की बाहेरच फिरला. दोन्हींची टक्केवारी वेगळी काढा. मग संघातला वाद वहीच मिटवेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: सेंटरचे फ्री थ्रो कसे आहेत? ७५ टक्के पडत असतील तर त्याच्यावरचा दोन फ्री थ्रोंचा प्रत्येक फाउल तुम्हाला सरासरी दीड गुण देतो, म्हणजे वरच्या कुठल्याही फेकीपेक्षा जास्त. शिवाय क्वार्टरमध्ये समोरच्यांचे चार टीम फाउल झाले की पुढच्या साध्या फाउलवरही दोन मिळतात, तेव्हा पहिल्या मिनिटापासून त्यालाच चेंडू द्या. पन्नाशीच्या आसपास अडकला असेल तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत पोस्टऐवजी शूटरसोबत पिक अँड रोल (सेंटरने शूटरच्या डिफेंडरची वाट अडवून मग रिंगकडे वळायचं) जास्त बरा. आकडा कळवा, मग शेवटच्या मिनिटांची मांडणी सविस्तर लिहितो.