एका दाताचे किती?

मावशी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत. तिचा खालचा पुढचा दात हलतोय, आज पडेल की उद्या अशी स्थिती आहे. इथे पडलेला दात उशीखाली ठेवला की रात्री टूथ फेअरी, म्हणजे दातपरी, येऊन पैसे ठेवते असं पोरांना सांगतात; ठेवतो आपणच. वर्गातल्या एका मुलीला तिने वीस डॉलर दिले, शिवाय चमकी लावलेलं पत्र आणि युनिकॉर्न. दुसऱ्या एकाला म्हणे पन्नास मिळाले. नवरा म्हणतो, दोन डॉलर दे आणि विषय संपव. सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे आल्यात. त्यांचं म्हणणं, दात उशीखाली कसला ठेवता, छपरावर टाका, नाहीतर नवा वाकडा येईल. पाच दिले तर कंजूषपणा दिसेल का? वीस दिले तर दर वेळी वीस? आणि मुळात पोरीशी असं खोटं बोलावं का? तिला वर्गात कमी वाटायला नको एवढंच. धाकटा दोन वर्षांचा आहे, म्हणजे हे सगळं पुन्हा होणारच.

— गोंधळलेली आई

अगं गोंधळलेल्या आई,

आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं वाचताना तू तोच शोधत राहशील. दोन डॉलर. नवऱ्याला हे लगेच सांगू नकोस. त्याचा आकडा बरोबर आहे, पण ‘विषय संपव’ म्हणाला ते चुकलं.

दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या वर्षी खालचे पुढचे दोन हलायला लागतात आणि शेवटची दाढ पडेपर्यंत पोर बारा वर्षांचं होतं. म्हणजे हा कार्यक्रम सहा वर्षं चालणार. दाताला वीस डॉलर धरलेस तर एका तोंडाचे चारशे आणि धाकट्याचे धरून आठशे. त्याला ताईपेक्षा कमी देऊन बघ, मग घरात काय होतं ते मला लिहून कळव. पहिल्या दाताला जे देशील ते पुढच्या एकोणीस वेळा जमेल का, एवढंच बघायचं.

लोक काय देतात हेही तुला हवं असणार. अमेरिकेत दातांचा विमा उतरवणारी डेल्टा डेंटल ही कंपनी १९९८ पासून आईबापांना हे विचारत आली आहे. पहिल्या वर्षी सरासरी १ डॉलर ३० सेंट निघाली. २०२३ मध्ये ती ६ डॉलर २३ सेंटपर्यंत चढली आणि २०२५ मध्ये ५ डॉलर १ सेंटवर उतरली. म्हणजे ते वीस आणि पन्नास डॉलर ही काही तिथली रीत नव्हे. ज्यांना कमी मिळालं ती मुलं वर्गात सांगत नाहीत, म्हणून तुझ्या कानावर वीस आणि पन्नासच येतात. पण या सरासरीकडेही मी आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखीच बघते. कोणी किती घातले हे त्यातून कळतं, आपण किती घालावेत हे कळत नाही.

मला त्याहून जुनी एक गोष्ट आवडते. सप्टेंबर १९०८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या घरगुती युक्त्यांच्या सदरात एका बाईंनी लिहिलं होतं की हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी पोराला दातपरीची गोष्ट सांगा. दात उशीखाली ठेवला की परी तो नेते आणि बदल्यात काहीतरी छोटं ठेवते. पुढे आयांना सल्ला असा की पाच सेंटच्या वस्तूंच्या काउंटरवर जाऊन अशा प्रसंगांसाठी थोडा साठाच करून ठेवा. छापलेली टूथ फेअरी सापडते ती जवळपास इथूनच. म्हणजे ही परी जन्माला आली तीच माझ्यासारख्या एका सल्ले देणाऱ्या बाईच्या सदरात, आणि तेही रडणारं पोर गप्प करायला. त्या पाच सेंटचे आजचे दोन डॉलरही होत नाहीत.

साठा करायचा तिचा सल्ला मी जसाच्या तसा पुढे देते. बँकेत जा आणि खिडकीवरच्या माणसाकडे दोन डॉलरच्या वीस नोटा माग. एटीएममधून त्या येत नाहीत, म्हणून अर्ध्या अमेरिकेला वाटतं की ती नोट बंद झाली. झालेली नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष जेफरसन आणि मागे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं चित्र, त्यात कोट घातलेले पुरुष दाटीवाटीने उभे. पोरगी ती नोट उलटीपालटी करून बघेल, वर्गात नेईल, आणि जिला वीस मिळाले ती विचारेल, ‘ही कुठून आणलीस?’ वीसची नोट तिने रोजच आईच्या पर्समध्ये पाहिलेली असते. चाळीस डॉलरमध्ये एका तोंडाची सोय झाली. नोटा कपाटात वर ठेव. नाणी नकोतच, घरात दोन वर्षांचं पोर आहे आणि त्याच्या हाती लागेल ते तोंडात जातं.

तरीही ती विचारणारच की तिला वीस आणि मला दोन का. तेव्हा पैशांवरून भाषण देऊ नकोस. संक्रांतीचं हळदीकुंकू आठव. एका घरी स्टीलची वाटी, दुसऱ्या घरी प्लॅस्टिकचा डबा, तिसरीकडे नुसता तिळगूळ, आणि आपण सगळं पिशवीत घालून पुढच्या घरी जातो. (घरी आल्यावर डबे मांडून कोणी काय दिलं त्याची चर्चा होते, ती मीही करते. असो.) तिला सांग, परी ज्या घरी जाते त्या घरच्या रीतीने देते, आणि आपल्या घरची रीत ही. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. ते पुरत नसतं आपल्याला. तुझ्या एवढ्याशा पत्रात डॉलरचे चार वेगवेगळे आकडे आले, पण पोरीला काय हवंय हे एकदाही आलं नाही. बहुतेक तिला दाताच्या जागी जीभ घालून बघायची असेल.

आता सासूबाई. त्यांना अडाणी ठरवायच्या आधी ऐक. आमच्याकडे, सांगलीजवळच्या गावात, पडलेला दात शेणाच्या गोळीत दाबून कौलांवर फेकायचा. कौलांत उंदीरमामा असतो, तो जुना घेऊन त्याच्यासारखा नवा देतो. माझा पहिला दात दोनदा घरंगळत खाली आला, पागोळीच्या दगडावर टक्‌ असा वाजला. तिसऱ्यांदा काकाने फेकला तेव्हा कुठे वर राहिला. मग आठवडाभर मला घोर, फेकला काकाने, तर दात त्यालाच येणार! उंदराचंच नाव का, हेही उघड आहे. त्याचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून तर तो सारखा कुरतडतो. एवढे टिकाऊ दात आणखी कोणाकडे मागायचे?

आणि उंदीर काही फक्त आपल्याकडचा नाही. स्पेनमध्ये परीचं काम एक उंदीरच करतो, त्याचं नाव पेरेस. १८९४ मध्ये लुईस कोलोमा नावाच्या पाद्र्याने आठ वर्षांच्या राजासाठी, तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला तेव्हा, त्याची गोष्ट लिहिली. त्यात हा उंदीर माद्रिदमधल्या एका दुकानात, बिस्किटांच्या डब्यात सहकुटुंब राहतो. तिथल्या आरेनाल रस्त्यावर त्याच्या नावाची पाटीसुद्धा आहे. मेक्सिकोतही हाच पेरेस येतो आणि फ्रान्समध्ये छोटी उंदरीण येते. पोरीच्या वर्गात स्पॅनिश बोलणाऱ्या घरातलं कोणी असेल, तर त्याच्याकडे कोण येतं ते तिला विचारायला सांग. आजीची गोष्ट तिला एकदम वर्गात सांगण्याजोगी वाटेल.

तेव्हा दोघांत कामाची वाटणी कर. परीने पैसे ठेवावेत, दात मात्र नेऊ नये. सोबत चिठ्ठी ठेव, मराठीत, चार ओळींची, डाव्या हाताने लिहिलेली म्हणजे तुझं अक्षर ओळखू येणार नाही: ‘दात पाहिला. स्वच्छ घासलेला आहे. ही त्याची भेट. नवा दात देण्याचं काम उंदीरमामाकडे आहे, म्हणून हा सकाळी आजीकडे दे.’ मग सकाळी आजी आणि नात काय तो सोहळा करतील. छपरावर फेकायला सोय नसेल तर तुळशीच्या कुंडीत पुरू देत. शेणाचा हट्ट धरला तर तुमच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत गोवरी मिळेल, तिथे काय मिळत नाही? मात्र तो मान सासूबाईंचाच. तू फोटो काढ आणि मध्ये बोलू नकोस.

खोटं बोलण्याचं म्हणशील, तर ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ म्हणत तिला भरवलंस तेव्हा पत्र नाही लिहिलंस मला. आणखी एक-दोन वर्षांत तिला कळेलच. तिने सरळ विचारलं की सरळ सांग, आणि धाकट्याची परी व्हायचं काम तिच्याकडे दे.

एक मात्र कर. दात उशीखाली मोकळा ठेवायचा नाही. गेल्या वर्षी लेकीकडे असताना नातवाच्या उशीखाली मी मध्यरात्री हात घातला आणि तो जागा झाला. ‘आजी, काय शोधतेस?’ मी म्हटलं, ‘चष्मा.’ तो म्हणाला, ‘तो तर घातलायस.’ सासूबाईंकडे कुंकवाचा चांदीचा करंडा असेल तर तो माग. दात त्यात ठेवायचा, करंडा पलंगाशेजारी. दोनची नोट गुंडाळली की आत बसते आणि कोणाच्या डोक्याखाली चाचपडावं लागत नाही.

आणि एखाद्या रात्री तू विसरशील. सगळ्या विसरतात. सकाळी पोर रडवेलं होऊन उभं राहिलं की बाहेर बघ आणि म्हण, रात्री बर्फ फार होता, परी वाटेत अडकली असेल. दात जुलैत पडला तर मला लगेच मेल टाक, काहीतरी शोधू.

— तुझी मावशी