गफ स्क्वेअरचा माळा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आगरी बोलीचा कोश दोन वर्षांत पुरा करायचा होता आणि आता चौथं वर्ष उजाडलंय. अनुदानाचा शब्द देणारे फोन उचलत नाहीत. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, म्हणून तू स्वतःला आळशीही ठरवून टाकलंस. काम सोडून देऊ का, असं विचारतेस. मी तुला सॅम्युअल जॉन्सन या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाबद्दल लिहिणार आहे. तुझ्या या तिन्ही तक्रारी त्याच्याही होत्या आणि त्याने इंग्रजीचा कोश पुरा केला.

जॉन्सन म्हटलं की लोकांना आठवतो तो बॉस्वेलने लिहिलेल्या त्याच्या चरित्रातला, चहावर चहा पीत मैफल गाजवणारा. पण बॉस्वेल त्याला पहिल्यांदा भेटला १६ मे १७६३ रोजी. तेव्हा जॉन्सन ५३ वर्षांचा होता, कोश निघून आठ वर्षं झाली होती आणि राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचं निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. तुझ्या कामाचा जॉन्सन त्याआधीचा आहे.

लिचफील्ड गावातल्या पुस्तकविक्रेत्याचा हा मुलगा, जन्म १७०९ चा. लहानपणीच गंडमाळा (मानेतल्या गाठींचा आजार) झाली, चेहऱ्यावर व्रण राहिले, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. ऑक्सफर्डला गेला, पण पैसे नाहीत म्हणून वर्षभरातच पदवी न घेता परतला. शाळा काढली, ती चालली नाही. त्याच शाळेतला एक विद्यार्थी, पुढे मोठा नट झालेला डेव्हिड गॅरिक, याच्याबरोबर १७३७ मध्ये तो लंडनला आला आणि मासिकांसाठी मिळेल ते लिहून पोट भरू लागला. मन खचण्याचे दीर्घ काळ त्याच्या आयुष्यात वारंवार आले. आपल्याला वेड लागेल ही भीती त्याला जन्मभर होती. हे मुद्दाम सांगतो. मन थाऱ्यावर आल्यावर काम करीन असं त्याने ठरवलं असतं, तर त्याच्या हातून एक ओळ लिहून झाली नसती.

१७४६ मध्ये लंडनच्या काही प्रकाशकांनी मिळून त्याच्याशी कोशाचा करार केला. मोबदला १,५७५ पौंड, त्यातूनच मदतनीसांचा पगार द्यायचा. तीन वर्षांत पुरा करतो म्हणाला. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा मदतनीस बसले, त्यांतले पाच स्कॉटलंडचे. कामाची पद्धत तुला लगेच कळेल. जॉन्सन पुस्तकं वाचायचा, हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायचा, समासात त्याचं पहिलं अक्षर लिहायचा. मदतनीस ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे. लोकांकडून मागून आणलेली पुस्तकं त्याने अशी रंगवून परत केली!

आणि मग काम अडलं. आधी वह्यांमध्ये शब्दांसाठी जागा सोडून अवतरणं भरत जायचं असं ठरलं होतं. पण एकेका शब्दाचे अर्थ इतके फुटत गेले की सोडलेली जागा पुरेना. अनेक वर्षांचं काम झाल्यावर ती रचना मोडावी लागली आणि मांडणी नव्याने करावी लागली. तू लिहितेस, माशांच्या आणि जाळ्यांच्या नावांचं वर्गीकरण कोलमडलं आणि चारशे चिठ्ठ्या वाया गेल्या. वाया गेल्या नाहीत. वर्गीकरण चुकलं, चिठ्ठ्या तशाच आहेत. त्या घे आणि पुन्हा लाव. कोश १५ एप्रिल १७५५ रोजी बाहेर आला, तेव्हा त्यात ४२ हजारांवर नोंदी आणि एक लाखावर अवतरणं होती. तीन वर्षांची नऊ झाली म्हणून आज कुणी त्याला दोष देत नाही.

आता अनुदानवाल्यांबद्दल. कोशाची योजना जॉन्सनने १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदाराच्या नावे प्रसिद्ध केली. त्याच्याकडून मिळाले दहा पौंड, आणि नंतर काहीच नाही. कोश छापून होत आला तेव्हा या सरदाराने एका नियतकालिकात त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. त्यावर जॉन्सनने ७ फेब्रुवारी १७५५ रोजी त्याला जे पत्र लिहिलं ते मिळवून वाच. तुमच्या दारात थांबलो त्याला सात वर्षं झाली, असं तो म्हणतो. बुडणारा माणूस धडपडत असताना काठावरून बघत राहायचं आणि तो जमिनीला लागल्यावर मदतीचं ओझं त्याच्या अंगावर टाकायचं, याला आश्रयदाता म्हणायचं का, असा सवाल करतो. पत्रात एकही अपशब्द नाही. पण हेही लक्षात घे की पत्र लिहिलं ते काम संपल्यावर. मधली सात वर्षं त्याने त्या दाराकडे बघत घालवली नाहीत. तूही फोन करणं आजपासून बंद कर.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. कोशाने जॉन्सनचं नाव झालं, पण पैसे कधीच खर्च होऊन गेले होते. १७५६ मध्ये ५ पौंड १८ शिलिंगांच्या कर्जापायी त्याला अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसनने पैसे पाठवून सोडवलं. म्हणून शिकवण्याची नोकरी सोडू नकोस. कोश संध्याकाळी कर.

आळसाबद्दल तुला काय सांगू! लवकर उठेन, वेळ दवडणार नाही, असे संकल्प त्याने आपल्या खाजगी प्रार्थनांमध्ये वर्षानुवर्षं लिहिले आणि वर्षानुवर्षं मोडले. पण याच माणसाने कोश चालू असताना, मार्च १७५० पासून दोन वर्षं, दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध छापायला दिला. ‘रॅम्बलर’ या त्याच्या नियतकालिकाचे असे २०८ अंक झाले, जवळजवळ सगळे एकट्याचे, कित्येक अगदी शेवटच्या घटकेला लिहिलेले. त्याला स्वतःच्या निश्चयाने कधी हलवलं नाही, छापखान्याच्या तारखेने हलवलं. तू तशी तारीख ओढवून घे. तुमच्याकडच्या एखाद्या साप्ताहिकाला दर आठवड्याला पाच शब्दांवर मजकूर द्यायचं कबूल कर.

ते निबंध संपले त्याच महिन्यात त्याची बायको गेली. त्यानंतर त्याच्या घरात कोण राहिलं बघ: अ‍ॅना विल्यम्स ही अंध कवयित्री, गोरगरिबांना पायी फिरून औषध देणारा लेव्हेट, जमैकात गुलामगिरीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर. बार्बरला त्याने शाळेत घातलं आणि मृत्युपत्रात आपला वारस केलं. कोशाच्या मदतनीसांनाही तो विसरला नाही. त्यांतला एक म्हातारपणी निराधार झाला तेव्हा जॉन्सनने खटपट करून त्याच्या राहण्याची सोय लावली. तुला शब्द सांगणाऱ्या उरण-पेणच्या बायकांची नावं कोशात पहिल्या पानावर असू देत.

एका बाबतीत मात्र त्याच्यामागे जाऊ नकोस. प्रस्तावनेत तो म्हणतो की कष्टकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची बोली बरीचशी तात्पुरती आणि बदलती असते, म्हणून ती जतन करण्याजोगी नाही. त्याने शब्द घेतले ते मुख्यतः छापील ग्रंथांतून. मला हे त्याच्या कोशाचं सर्वांत मोठं न्यून वाटतं. जे त्याने दाराबाहेर ठेवलं, नेमकं तेच तू खाडीकाठी बसून गोळा करते आहेस.

मराठीत त्याचा परिचय हवा असेल तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा ‘निबंधमाले’तला जॉन्सनवरचा प्रदीर्घ लेख वाच. त्याच्या ‘रासेलस’ कादंबरीचं भाषांतर वडील कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. पण सगळ्यांच्या आधी कोशाची प्रस्तावना वाच. विद्यापीठाच्या सावलीत नव्हे, तर गैरसोयीत, आजारपणात आणि दुःखात हे काम झालं, हे त्याने तिथे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

शेवटी छपाईचं. पुऱ्या कोशाची किंमत होती साडेचार पौंड, सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून त्याच वर्षी दुसरी आवृत्ती सहा पेन्सच्या साप्ताहिक भागांत निघाली. पहिल्या आवृत्तीतल्या चुका तो पुढे दुरुस्त करत राहिला, १७७३ ची चौथी आवृत्ती त्याने बरीच बदलली. तुझ्या ‘क’ ते ‘ङ’ नोंदी तयार आहेत ना? त्यांची छोटी पुस्तिका काढ. कागदाचा खर्च मी करतो. मुद्रितं हातात आली की पाठव, तपासून देईन.

तुझा,
सर