पैठणी, लेहंगा आणि मोडायला काढलेली मुदत ठेव

परभणीच्या एका ताईंचे पत्र आहे. त्या खाजगी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत आणि हातात 22,000 रुपये पगार येतो. लग्न मे महिन्यात आहे. होणारे यजमान चाकणला नोकरीस असल्याने त्या एप्रिलअखेर इथली नोकरी सोडून पुण्याला जाणार आहेत. बस्ता ज्याचा त्याने करायचा, असे सुपारीच्या बैठकीतच ठरले आहे. वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून 80,000 रुपये बाजूला काढले, त्यातले 26,000 आहेराच्या साड्या आणि टॉवेल-टोप्यांना जातील. उरलेल्या 54,000 मध्ये 72,000 ची पैठणी, रिसेप्शनसाठी 24,000 चा लेहंगा, 6,000 चे ब्लाउजकाम आणि हळदीच्या व पूजेच्या मिळून 8,000 च्या साड्या बसवायच्या आहेत. तूट 56,000 रुपयांची आहे. ती भरून काढण्यासाठी 1,50,000 ची मुदत ठेव मोडावी की बारा हप्त्यांचे कर्ज घ्यावे, असे त्या विचारतात.

ताई, आधी कर्जाचा हिशेब पाहू. 56,000 रुपये वर्षाला 18 टक्के दराने बारा महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 5,134 रुपये पडतो आणि व्याजापोटी 5,600 रुपये जातात. दोन टक्के प्रक्रिया शुल्क व त्यावरील जीएसटी धरला, तर ही साडेपाच महिने दूर असलेली हौस जवळपास 7,000 रुपयांनी महाग होते. तरीही माझा खरा आक्षेप या 7,000 वर नाही. हा हप्ता परवडेल असे तुम्ही आजच्या पगाराकडे पाहून म्हणता, आणि पहिला हप्ता जूनमध्ये येईल तेव्हा तो पगार बंद झालेला असेल. पुण्यात नवी नोकरी मिळेपर्यंत दोन महिने जातील की सहा, हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि तोपर्यंतचे हप्ते त्याच ठेवीतून फेडावे लागतील. म्हणजे ठेव मोडणे आणि कर्ज घेणे हे दोन वेगळे मार्ग नाहीतच. कर्जाच्या मार्गात ठेवच थोडी थोडी मोडत जाते आणि वर व्याज पडते.

मग सरळ ठेवच का मोडू नये? सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम म्हणजे 1,32,000 रुपये तुमच्यासाठी हात न लावण्याची आहे, कारण नव्या गावात, नव्या घरात, स्वतःच्या नावावरचा तेवढाच पैसा तुमच्याजवळ असेल. त्यावर उरतात 18,000, आणि मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका व्याजदरात साधारणपणे अर्धा ते एक टक्का कापतात. त्यामुळे ही ठेव मी जशीच्या तशी ठेवीन. वडील आडत्याकडून उचल घेण्यास तयार आहेत, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. ती उचल पुढच्या सोयाबीनच्या पट्टीतून कापली जाईल, तेव्हा तो विषय घरात पुन्हा निघू देऊ नका.

आता पैठणीकडे वळतो, कारण तुमचा जीव तिच्यात आहे आणि तो असण्यात काही गैर नाही. मात्र दुकानदाराने तिला ‘गुंतवणूक’ म्हटले, ते मनातून काढून टाका. सोने मोडीला नेले तर वजनावर भाव मिळतो; पैठणी परत विकायला गेल्यास विणकामाचे पैसे कोणी देत नाही. पूर्वीच्या साड्यांत चांदीची जर असायची, म्हणून जुनी पैठणी जरीच्या मोलाने तरी विकली जाई, आज बहुतेक साड्यांत ती नसते. साडीतली जर खरी, म्हणजे चांदीची, की टेस्टेड, म्हणजे चांदीऐवजी स्वस्त धातूची, हे बिलावर लिहून घ्या आणि सिल्क मार्कचे लेबल पाहा, पण ते रेशमाची खात्री देते, हातमागाची नव्हे. हातमागासाठी पदर उलटून पाहावा लागतो: हाताने विणलेल्या पदरावरचा मोर किंवा मुनिया मागच्या बाजूनेही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते, यंत्रमागावरच्या साडीच्या पाठीला सुटे किंवा कापलेले धागे लोंबताना आढळतात. हे पाहिल्याशिवाय 72,000 हा आकडा कशाचा आहे, हेच कळत नाही.

माझे मत असे की पैठणीसाठी 40,000 ची मर्यादा धरून एखाद्या रविवारी पैठणला जावे, माग पाहावेत, आणि पदराची नक्षी कमी भरगच्च घेतली तर किंमत किती उतरते ते विचारावे, कारण किंमत मुख्यतः पदर आणि काठाच्या विणकामाला लागलेल्या दिवसांची असते. लेहंगा विकत घेऊ नये. 2,500 रुपयांवरच्या शिवलेल्या कपड्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, साडीवर 5 टक्के. म्हणजे 24,000 च्या लेहंग्यात सुमारे 3,660 रुपये नुसता कर आहे. संध्याकाळच्या तीन तासांसाठी तो 5,000 पर्यंत भाड्याने घ्या, आणि डाग पडल्यास अनामतीतून किती कापणार, हे पावतीवर लिहून घ्या.

पैठणी 40,000, भाड्याचा लेहंगा 5,000, ब्लाउजकाम 6,000 आणि दोन साड्या 8,000, असे 59,000 होतात. वडिलांच्या 54,000 च्या वर लागणारे 5,000 तुमच्याकडेच आहेत: डिसेंबर ते एप्रिल या पाच पगारांतून दरमहा 4,000 बाजूला काढले की 20,000 होतात, आणि उरलेले 15,000 पुण्यातल्या खोलीच्या अनामतीला व गॅसच्या शेगडीला उपयोगी पडतील.

आहेराच्या चाळीस साड्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. पाचशेची आहेराची साडी घडी न मोडता तीन लग्ने फिरून पुन्हा आपल्याच कपाटात आलेली मी पाहिली आहे. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ही यादी निम्मी केली, तर 10,000 सुटतात. पण हे बोलणे तुमच्या तोंडी शोभणार नाही, ते मामांकरवी निघू द्यावे. बस्त्याच्या दिवशी तुमच्या साड्यांचे आणि आहेराचे बिल वेगवेगळे करायला सांगा, नाहीतर एकत्रित सवलतीच्या नादात कोणती साडी कितीला पडली, हे घरी आल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

पैठणला मात्र संक्रांतीपूर्वीच जा. मागावर हवी तशी साडी विणून घ्यायची झाल्यास तिला काही आठवडे, नक्षी भरगच्च असल्यास काही महिने लागतात, आणि ब्लाउजवर आरी काम करणारे कारागीर लग्नसराई सुरू झाली की नवे कापड हातात घेत नाहीत.