आरशात न दिसणारी गाडी

प्रश्न : बाहेरच्या दोन्ही आरशांत आपल्या गाडीचे मागचे दार दिसले पाहिजे, असे मला गाडी शिकताना सांगण्यात आले होते व मी आरसे तसेच लावते. तरीही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लेन बदलताना उजवीकडे अगदी जवळ आलेली मोटार मला दिसली नाही. तिने हॉर्न वाजवला म्हणून अपघात टळला. माझे काय चुकले?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपली नजर चुकली नाही, आरशांची मांडणी चुकली. ज्या आरशात स्वतःचेच दार दिसते, त्याच्या उरलेल्या भागात बहुतांशी तोच रस्ता दिसतो, जो मधल्या आरशात आधीच दिसत असतो. परिणामी तिन्ही आरसे मागचेच दाखवत राहतात आणि शेजारच्या लेनमधला, आपल्या खांद्यामागचा पट्टा कोणत्याच आरशात येत नाही.

आधी आसन नीट करावे, कारण डोळ्यांची जागा हलली की आरशाचा कोनही बिघडतो. घरात दोघे गाडी चालवत असतील तर हे दर वेळी करावे लागते. मधल्या आरशात मागची काच पूर्ण दिसू द्यावी. मग डोके उजव्या खिडकीला टेकेल इतके झुकवून उजवा आरसा बाहेरच्या बाजूला वळवावा, तो आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. डाव्या आरशासाठी गाडीच्या मध्याकडे झुकून हेच करावे. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी आरशांतून नाहीशी होते आणि सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते, पण चार-आठ दिवसांत डोळा सरावतो. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ मध्ये आपल्या निबंधात हीच पद्धत मांडली होती.

पडताळणीसाठी गाडी रस्त्याकडेला सुरक्षित जागी उभी करून उजवीकडून पुढे जाणारी वाहने पाहावीत. वाहन मधल्या आरशातून सुटण्यापूर्वी उजव्या आरशात यावे आणि तिथून सुटण्यापूर्वी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसू लागावे.

एवढे करूनही, डावीकडून घुसणारी दुचाकी (आपल्याकडे ती कुठूनही येते) एखाद्या फटीत लपू शकते. शिवाय बहिर्वक्र (किंचित फुगीर) आरशात वाहन असते त्याहून लांब भासते. म्हणून लेन बदलण्यापूर्वी मान वळवून एकदा पाहावेच. गाडी मागे घेताना मात्र या मांडणीत स्वतःची बाजू दिसत नाही. तेव्हा डोके किंचित आरशाकडे झुकवले की ती पुन्हा दिसते.