ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोला चिनी स्थलांतरितांच्या वारशावरची कॉन्फरन्स आहे, सहल आणि डिनरचे जादा पैसे भरावेत का?

सहलीचे बिनधास्त भरा, डिनरचं तुमच्यावर आहे. मी मेलबर्नला राहतो, पाहुणे आले की बेंडिगोची चक्कर ठरलेलीच. गोल्डन ड्रॅगन म्युझियम गावातच आहे, १९०१ च्या मिरवणुकीतला तो लूंग ड्रॅगन तुम्ही एकटेही बघाल, पण इमू पॉइंटचं लाल विटांचं जॉस हाऊस (देऊळच ते, सोन्याच्या खाणींवर आलेल्या चिनी लोकांचं) आणि व्हाइट हिल्सच्या दफनभूमीतली चिनी थडगी, शेजारची मृतांसाठी कागद जाळायची भट्टी, हे माहितगार माणूस बरोबर असला तरच कळतं, नुसते दगड बघून काय समजणार! फक्त घराण्यांचा इतिहास शोधत असाल तर डिनरही सोडू नका, खाणकामगारांचे खापरपणतू बरेचदा तिथेच भेटतात.